मनीचा पंजा आणि आपली औषधे

गेल्या महिन्यात गुडघेदुखीसाठी नेहमी येणाऱ्या ७८ वर्षांच्या एक आजी तपासणीला आल्या होत्या. रक्तदाब पाहून झाला, औषधे लिहून झाली, तरी त्या उठेनात. मग जरा संकोचानेच म्हणाल्या, "डॉक्टर, आमची मनी दोन दिवस सारखी पुढचा एक पंजा चाटते आहे. लंगडतेसुद्धा. मला देता ती पॅरासिटामॉलची पाव गोळी दुधातून दिली तर चालेल ना तिला?"

मी माणसांचा डॉक्टर. मांजराला काय द्यावे हे पशुवैद्यांनीच सांगावे. पण काय देऊ नये, हे मात्र त्या क्षणी मला सांगणे भाग होते. "आजी, गोळी मुळीच देऊ नका. आजच मनीला पशुवैद्यांकडे न्या."

मुलगा परदेशी, यजमान नाहीत. तेरा वर्षांची मनी हीच आजींची घरातली सोबत. आपल्या वाचकांपैकी अनेकांच्या घरी अशी एखादी मनी असेल, म्हणून या वेळचे सदर तिच्या पंजाविषयी.

चाटणे केव्हा स्वाभाविक?

मांजर जागेपणीचा बराच वेळ अंग चाटण्यात घालवते. तिच्या जिभेवर मागे वळलेले बारीक, कडक काटे असतात. या काट्यांच्या टोकाशी पन्हळीसारखी पोकळी असते आणि तिच्यातून लाळ केसांच्या मुळापर्यंत पोहोचते, असे अमेरिकेतील संशोधकांनी २०१८ मध्ये दाखवून दिले. तोंडापर्यंत जीभ पोहोचत नाही, म्हणून मांजर पुढचा पंजा ओला करून त्याने चेहरा पुसते. जेवणानंतर किंवा झोपेपूर्वी दोन्ही पंजे निवांतपणे चाटून ती थांबत असेल, तर काळजीचे कारण नाही.

काळजी करायची ती पुढील चिन्हे दिसली तर: एकच पंजा किंवा एकच जागा सतत चाटणे, झोपेतून उठून चाटणे, बोटांमधले केस जाणे, लाली, सूज, दुर्गंधी, लंगडणे, पंजाला हात लावू न देणे. काटा वा काच रुतणे, तापलेल्या गच्चीवर किंवा शेगडीवर पाय भाजणे, दुसऱ्या मांजराच्या चाव्याने आत पू होणे, पिसवांची ॲलर्जी, बुरशीचा संसर्ग, सांध्यांचा जुना आजार अशी यामागे अनेक कारणे असू शकतात. मानसिक ताणामुळेही मांजर अंग चाटत राहते. परंतु शरीरातील कारणे तपासून दूर झाल्याशिवाय तो निष्कर्ष काढू नये.

वयस्क मांजरांत आणखी एक कारण हमखास दुर्लक्षित राहते. मांजराच्या पुढच्या पायाला सामान्यतः पाच व मागच्या पायाला चार बोटे असतात. पुढचे पाचवे, अंगठ्यासारखे बोट जमिनीला टेकत नाही, त्यामुळे त्याचे नख झिजत नाही. म्हातारपणी सांधे दुखतात, नखे घासणे कमी होते, नख जाड होते आणि गोल वळून थेट तळव्याच्या मऊ गादीत घुसते. मनीला नेमके हेच झाले होते.

पंजाला लागले ते पोटात गेले

मुख्य मुद्दा याच्या पुढचा आहे. मांजर पंजा चाटते याचा अर्थ पंजाला व अंगाला जे लागेल ते तिच्या पोटात जाते. घरातील फरशी, आपले गुडघे आणि आपली औषधे यांच्यापासून मांजराच्या यकृतापर्यंतची वाट या पंजावरून जाते.

आपल्या यकृतात पॅरासिटामॉल किंवा फिनॉल यांसारख्या पदार्थांना ग्लुकुरॉनिक आम्लाशी जोडून निरुपद्रवी करणारी यंत्रणा असते. मांजराच्या यकृतात ही यंत्रणा फार दुबळी असते. त्यामुळे माणसाला सोसणारी पॅरासिटामॉलची मात्रा मांजराच्या रक्तातील तांबड्या पेशींची प्राणवायू वाहून नेण्याची शक्तीच हिरावून घेते. हिरड्या तपकिरी वा निळसर पडतात, चेहरा व पंजे सुजतात, धाप लागते. चार किलोच्या मांजराला एक गोळीदेखील प्राणघातक ठरू शकते. पाव गोळीही सुरक्षित नाही, आणि लहान मुलांचे पातळ औषधही नाही.

हीच गोष्ट वेदनाशामक मलमांची. गुडघ्याला जेल लावून आपण बसतो, मांजर मांडीवर येते, अंग घासते आणि मग ते अंग चाटून स्वच्छ करते. माणसांनी स्वतःच्या अंगाला लावलेल्या फ्लुर्बिप्रोफेनयुक्त मलमामुळे घरातील मांजरे आजारी पडल्याचे व दगावल्याचे आढळल्यावर अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१५ मध्ये जाहीर इशारा दिला होता. आपल्याकडे घरोघरी असलेले डायक्लोफेनॅक याच प्रकारच्या औषधांपैकी. गुरांना दिलेल्या डायक्लोफेनॅकमुळे गिधाडे मरू लागली, म्हणून २००६ मध्ये भारतात त्याच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी आली, हे काहींना आठवत असेल. औषध एकच असले तरी प्रत्येक प्राण्याचे शरीर ते सारखे पचवत नाही. ज्या बामला विंटरग्रीनचा उग्र वास येतो, त्यात ॲस्पिरिनच्या कुळातील द्रव्य असते; मांजराच्या शरीरातून तेही फार सावकाश बाहेर पडते.

म्हणून मलम लावताना मांजर दुसऱ्या खोलीत असावे. मलम अंगात जिरू द्यावे, ती जागा कपड्याने झाकावी, हात साबणाने धुवावेत आणि मगच मांजराला जवळ घ्यावे. मलमाचा बोळा किंवा उघडी नळी उशाशी ठेवू नये. हातातून निसटून खाली पडलेली गोळी सापडेपर्यंत शोधावी.

फरशी पुसतानाही हेच भान हवे. काळे फिनेल आणि पाण्यात टाकताच दुधाळ होणारी काही जंतुनाशके यांत फिनॉलच्या कुळातील द्रव्ये असतात. ओल्या फरशीवरून मांजर चालते आणि कोपऱ्यात बसून पंजे चाटते. मांजर असलेल्या घरात साधे साबणपाणी वापरावे, नंतर स्वच्छ पाण्याने पुसावे व फरशी वाळल्यावरच मांजराला आत सोडावे. वाढदिवसाच्या गुच्छात लिलीची फुले असतील, तर तो गुच्छ घरात ठेवूच नये. तिचे पराग पंजाला लागून पोटात गेले तरी मांजराचे मूत्रपिंड निकामी होऊ शकते.

पंजाची साधी निगा

आठवड्यातून एकदा, मांजर पेंगत असताना, चांगल्या उजेडात चारही पंजे पाहावेत. बोटांमधली जागा, गाद्या आणि विशेषतः ते न टेकणारे नख तपासावे. पंजाला चिकट काही लागले असेल, तर कोमट पाण्यात बुडवून पिळलेल्या फडक्याने पुसावे व कोरडे करावे. स्पिरिट, हायड्रोजन पेरॉक्साइड किंवा आपल्या त्वचेची मलमे लावू नयेत.

नखे साधारण दोन-तीन आठवड्यांनी पाहावीत. बोट हलके दाबले की नख बाहेर येते. त्याचे केवळ पांढरे टोक कापावे. आतील गुलाबी भागात रक्तवाहिनी व मज्जातंतू असतात. नजर मंद झाली असेल किंवा हात थरथरत असेल, तर हे काम पशुवैद्यांवर सोपवावे. नखे घासण्यासाठी एका फळीला गोणपाट गुंडाळून ती आडवी ठेवली, तर म्हाताऱ्या मांजराला सोयीचे पडते.

आता आपल्याविषयी

नखे कापण्यात आपलाही स्वार्थ आहे. उतारवयात त्वचा पातळ होते, आणि रक्त पातळ करणारी औषधे चालू असतील तर लहानशा ओरखड्यातूनही रक्त थांबत नाही. मधुमेही व स्टेरॉइड घेणाऱ्या व्यक्तींना मांजराच्या चाव्याने वा ओरखड्याने जंतुसंसर्ग लवकर होतो. मांजर चावले, ओरखडले किंवा आपल्या उघड्या जखमेवर चाटले, तर ती जागा वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. रेबीजची लस लागेल की नाही, याचा निर्णय आपण घरी बसून घेऊ नये. हळद, मिरची, चुना लावू नये. मांजराला रेबीजची लस दरवर्षी किंवा पशुवैद्य सांगतील त्या अंतराने टोचून घ्यावी.

मांजराचे केस गोलाकार जात असतील आणि आपल्या अंगावरही खाजणारे लाल चट्टे उठले असतील, तर दोघांनाही बुरशीचा एकच संसर्ग असू शकतो. अशा वेळी आपल्या डॉक्टरांना घरात मांजर असल्याचे आवर्जून सांगावे. आम्ही ते विचारतोच असे नाही, हे मला आजींमुळे पुन्हा एकदा जाणवले.

मनीचे रुतलेले नख पशुवैद्यांनी कापून काढले, जखम स्वच्छ केली, मांजरांसाठीचे औषध दिले. आठवड्याभरात तिचे लंगडणे थांबले. पुढच्या खेपेस आजींनी औषधांची यादी पुढे केली, तेव्हा माझ्या दूरध्वनी क्रमांकाखाली त्यांनी पशुवैद्यांचाही क्रमांक ठळक अक्षरांत लिहून ठेवला होता. घरात मांजर असलेल्या वाचकांनीही तो आजच लिहून ठेवावा. मांजराला काहीही देण्यापूर्वी फिरवायचा क्रमांक तो, माझा नव्हे.