सणाची आरास आणि घरातली मनी-मोती

आमच्या शनिशिंगणापुरात घरांना दारं नसतात, हे आता साऱ्या देशाला ठाऊक आहे. बाहेरगावची पाहुणी आली की भिंतीतल्या त्या मोकळ्या जागेकडे बघते आणि पहिला प्रश्न चोरीचा विचारते. २०११ साली युको बँकेनं इथं शाखा काढली तेव्हा ‘बिनकुलपाची बँक’ म्हणून वर्तमानपत्रांत गाजावाजा झाला. गावाला पोलीस ठाणं मिळालं ते २०१५ साली. पण मैत्रिणींनो, इथं संसार करणाऱ्या बाईला विचाराल तर ती चोराचं नावही काढणार नाही. ती म्हणेल, चोरांचं राहू द्या हो, या कुत्र्या-मांजरांचं काय करू ते सांगा!

रात्री उंबऱ्यापाशी एक सुटी फळी टेकवून ठेवायची आमच्याकडे जुनी पद्धत आहे, ती कुत्र्यांसाठी. दिवसा नुसता पडदा. आता पडद्यानं कधी मांजर अडलंय? कोंबडीही मान घालून आधी अंदाज घेते आणि मग खुशाल आत येते. शनीसाठी काळ्या कुत्र्याला पोळी घालण्याची श्रद्धा पुष्कळांची, त्यामुळे गावातली कुत्रीही जरा लाडावलेलीच. एरवी हे सगळं अंगवळणी पडलेलं असतं. सण आला, घरात आरास मांडली, की मग खरी परीक्षा.

तुम्ही म्हणाल, आमच्या ब्लॉकला दार आहे, वर लॅच आहे. असेल हो. पण मांजर आतच पाळलेलं असेल तर दार असून नसून सारखंच की.

आमच्याकडे महालक्ष्म्या उभ्याच्या असतात. कोठ्यांवर मुखवटे, नऊवारी नेसवलेली, पुढे फराळाची ताटं. एका वर्षी दुसऱ्या दिवशी सकाळी पाहते तर धाकटीच्या पदराला आपोआप हेलकावे. सासूबाईंनी हात जोडले. मी निऱ्या वर करून पाहिलं, तर आमची मनी दोन पिल्लं चाटत बसलेली! तिसरं यायचं होतं. “आता हिला हलवू नकोस,” सासूबाई म्हणाल्या, “गौरी माहेरपणाला आल्यात, ही बाळंतपणाला आली.” मग मनीपुढं दूध-भाताची वाटी ठेवली आणि हळदीकुंकवाला येणाऱ्या बायकांना त्या बाजूनं वळून जायला सांगितलं. सोवळ्याओवळ्याचं त्यांचं एरवी फार असतं, पण त्या दिवशी एक शब्द बोलल्या नाहीत. विसर्जनानंतरही ती कोठी आठवडाभर तिथंच होती.

यातून मला एक कळलं. मांजर आराशीत शिरतं ते खोडी काढायला नव्हे. अंधारी, उबदार, कपड्यानं झाकलेली जागा त्याला लागते आणि मखर म्हणजे नेमकी तीच. म्हणून हल्ली सणाच्या चार दिवस आधीच मी कोपऱ्यात एक खोकं आडवं करून त्यात जुनं लुगडं घालून ठेवते. मखराकडं तिचं लक्षच जात नाही. फटके मारून जे झालं नाही ते खोक्यानं झालं.

दूर्वांचं मात्र जमलेलं नाही. एकवीस दूर्वांची जुडी करून ठेवावी आणि मनीनं टोकं खुडून खावीत, हे दर वर्षीचं. मांजर आणि कुत्रं दोघंही गवत खातात, त्यात आजारपण काही नाही. दूर्वा पाण्याच्या तांब्यात घालून वर ताट झाकते, एवढंच.

मी दुपारच्या वेळात शाळेत शिकवते. मागे सहावीच्या वर्गाला ‘आमच्या घरची दिवाळी’ असा निबंध घातला होता. निम्म्या वह्यांत माणसं कमी आणि जनावरंच जास्त! चौकट नसली तरी आम्ही वर दोन खिळे ठोकून आंब्याचं तोरण बांधतोच; ते एकीच्या शेळीनं मागच्या पायांवर उभं राहून ओढून खाल्लं होतं. अंगणातल्या शेणाच्या गवळणी कोंबड्यांनी उकरल्या, हे तर चौघींनी लिहिलं होतं. एका मुलानं लिहिलं होतं की वसुबारसेला ओवाळताना वासरानं निरांजनाचा वास घेतला नि नाक पोळून घेतलं. वर्गात हे वाचून दाखवताना हसून हसून पुरेवाट झाली. वासराचं आलं तेव्हा मात्र वर्ग गप्प झाला.

हसण्यावारी न्यायची नाही अशी एक गोष्ट मला आज मुद्दाम सांगायची आहे. ती म्हणजे दोरा.

पोळ्याला बैलांच्या शिंगांना लावलेल्या बेगडीतली उरलेली बेगड, गणपतीच्या मखरातल्या जरीच्या झिरमिळ्या, आकाशकंदिलाच्या शेपट्या, हाराचा दोरा. मांजराला या हलत्या, चकाकत्या गोष्टींचं विलक्षण वेड. ते खेळतं, आपण कौतुकानं बघतो. पण मांजराच्या जिभेवर घशाच्या दिशेनं वळलेले बारीक काटे असतात. तोंडात गेलेला दोरा त्याला थुंकून टाकता येत नाही, तो आतच सरकतो.

दोन वर्षांपूर्वीच्या दिवाळीत मनीच्या त्याच बाळंतपणातली एक पाटी, तिला आम्ही सोनी म्हणतो, भाऊबीजेच्या दिवशी काही खाईना. दोनदा ओकली आणि कॉटखाली जाऊन बसली. सासूबाई म्हणाल्या, फराळाचं काही खाल्लं असेल. माझ्या मुलीनं तिला ओढून काढलं तर मागून बोटभर सोनेरी जर लोंबत होती. शेजारच्या काकू धावत आल्या, “धर गं घट्ट, ओढून काढते.” मी त्यांचा हात धरला. काकूंना राग आला, येणारच. पण कंदील करताना मुलांना सांगण्यासाठी म्हणून मी हे आधी वाचलेलं होतं, तेवढं बरं.

नगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला, पशुवैद्यकांकडे नेलं. त्यांनी समजावून सांगितलं ते असं. दोऱ्याचं एक टोक जिभेखाली किंवा जठरात अडकून राहतं आणि दुसरं आतड्यातून पुढे जात राहतं. परकराच्या नेफ्यातली नाडी एका टोकाला पक्की ठेवून दुसरीकडून ओढली की कापडाच्या कशा चुण्या पडतात, तशा आतड्याच्या चुण्या पडतात. आतडं हालचाल करतं आणि ताणलेला दोरा त्याला करवतीसारखा कापतो. बाहेरचं टोक ओढलं असतं तर तिथंच फाटलं असतं.

शस्त्रक्रिया करावी लागली. खर्चाचा आकडा ऐकून आमचे ‘हे’ क्षणभर गप्प झाले. “मांजरासाठी?” असं कुणीतरी म्हणालंच. ह्यांनी खिशातून बोनसचं पाकीट काढलं आणि म्हणाले, “लेकीनं रात्रभर मांडीवर घेतलंय तिला.” सोनी वाचली. पोटावरचे केस परत यायला संक्रांत उजाडली.

म्हणून सांगते. तोंडातून असो वा मागून, दोऱ्याचं टोक दिसलं तर ओढायचं नाही. तूप, एरंडेल, केळं काही द्यायचं नाही, ओकारी काढायची नाही. मांजर ओकतंय, खात नाही, लाळ गाळतंय, कोपरा धरून बसलंय असं दिसलं की ‘उद्या बघू’ म्हणू नका. पोटात दोरा असेल तर एका रात्रीत फार बिघडतं. विलायत-अमेरिकेत नाताळच्या झाडावर चंदेरी झिरमिळ्या सोडायची पद्धत आहे, तिथले पशुवैद्यकही दर डिसेंबरात हेच बजावत असतात. म्हणजे सण निराळा, मांजर तेच.

मग आरास करायचीच नाही का? करायची की. मी आता जरीऐवजी रुंद कागदी पट्ट्या वापरते, घोटीव कागदाच्या, तळहाताएवढ्या रुंद. लांबून त्याही तशाच दिसतात. झेंडूची माळ घट्ट आणि उंच बांधते, लोंबती शेपटी ठेवत नाही. मनी ओट्यावरून कुठवर उडी मारते ते एकदा बघून ठेवलंय, त्याच्या वर सगळं. खाली जे मांडायचं ते पितळेचं, मातीचं, जड. थर्माकोलला २०१८ च्या राज्यातल्या बंदीनंतर आमच्या घरातून रजा मिळाली, ते एका परीनं बरंच झालं. त्याचे दाणे कुत्र्याच्या पिल्लांनी चघळून घरभर केलेले मी पाहिले आहेत.

पणत्यांचं म्हणाल तर मांजराहून उंदराची भीती अधिक. तेलात भिजलेली वात उंदीर ओढून नेतो, ती पेटती असली तरी. जुन्या बायका परातीत पाणी घालून त्यात पणत्या मांडत, ते याचसाठी असावं असं मला वाटतं. परातीत पाकळ्या टाकल्या तर शोभाही येते. दारात, आमच्याकडे दाराच्या जागी, जमिनीवर ठेवायच्या पणत्या मुलांपैकी कुणी तिथं बसलेलं असेपर्यंतच पेटत्या ठेवायच्या.

विजेच्या बारीक दिव्यांच्या माळा फार स्वस्त झाल्यात. त्यांतल्या पुष्कळशा थेट घरातल्या विजेवर चालतात आणि वायरचं आवरण अगदी पातळ असतं. दात येणारं पिल्लू ती चावणारच. झोपताना आणि बाहेर जाताना बटण बंद करून पिनही काढून ठेवा. पिल्लाला झटका बसलाच तर त्याला हात लावण्याआधी मुख्य बटण बंद करा. नंतर ते हुशार दिसलं तरी डॉक्टरांना दाखवा. फुप्फुसात पाणी व्हायला काही तास लागतात.

फराळ हीही आराशीच! चौरंगावर ताटं मांडून आपण आरतीला उभ्या राहतो आणि पाठीमागे मोती लाडवावर. बेसनाचा लाडू एखादा गेला तर गेला, पण त्यावरचा बेदाणा? द्राक्षं, बेदाणे, मनुका यांनी कुत्र्याचं मूत्रपिंड निकामी होऊ शकतं आणि किती खाल्ले तर चालतील याचा भरवसा नाही. चॉकलेटही विषच. तळलेल्या कांद्याच्या चिवड्यानं कुत्र्या-मांजरांच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. आमच्या शेजारचं घोडेगाव कांद्याच्या बाजाराचं, इकडं कांद्यावाचून पान हलत नाही. तरी चिवड्याचा डबा उघडा ठेवायचा नाही एवढं पाळते. मोतीला साधी भाकरी वेगळी ठेवते. नेपाळात दिवाळीतल्या चतुर्दशीला कुत्र्याला टिळा लावून, हार घालून गोडधोड देतात. मी टिळ्यापर्यंत आले आहे, हार घालायचा धीर नाही, तो लगेच खातो.

निर्माल्याचं एक राहिलं. आमचं देवस्थानाचं गाव, शनिवारी आणि अमावास्येला हारांचे ढीग. दोरा आणि प्लास्टिकच्या पिशवीसकट टाकलेलं निर्माल्य गाई खातात आणि ते त्यांच्या कोठ्यात साठत जातं. पाच मिनिटं बसून हाराचा दोरा ओढून काढावा, कण्हेरीची फुलं वेगळी करावीत (कण्हेर जनावराला विषारी असते) आणि उरलेलं तुळशीच्या वृंदावनाशेजारी खड्ड्यात घालावं. हे काम सासूबाई करतात, चष्मा लावून, आणि त्यात कुणाला हात लावू देत नाहीत.

गुरांना असं काही झालं तर राज्यात १९६२ हा फुकट फोन आहे, त्यावर फिरत्या पशुवैद्यकीय पथकाची माहिती मिळते. मांजर-कुत्र्यासाठी जवळच्या पशुवैद्यकांचा नंबर सणाच्या आधीच कॅलेंडरवर लिहून ठेवा. पाडव्याला दवाखाना उघडा असतो का, तेही विचारून ठेवा.

तुळशीचं लग्न झालं की आरास उतरवताना माळा, झिरमिळ्या पुठ्ठ्यावर गुंडाळून घट्ट झाकणाच्या बिस्किटाच्या डब्यात घाला. गाठोड्यात बांधून माळ्यावर टाकलं की वर्षभर मांजर तेच उपसत बसतं. डब्यात डांबरगोळ्या घालू नका, त्या मांजराला बाधतात. कडुनिंबाचा पाला सावलीत वाळवून कागदाच्या घडीत ठेवला तरी कसर लागत नाही. कागद दर दोन महिन्यांनी बदलायचा.