कॅनरी बेटांवर मुक्काम वाढवा, पण कुणाच्या घरात?

स्पेनच्या कॅनरी बेटांवर महिनोन्‌महिने मुक्काम ठोकणारी जोडपी आता नवलाची राहिलेली नाहीत. कुणी नुकतेच निवृत्त झालेले असतात, कुणी लॅपटॉपवर नोकरी सांभाळत एका बेटावरून दुसऱ्या बेटावर जात असतात. आठवडाभराच्या पॅकेजवर येऊन, समुद्रकिनारी उन्हात पडून परत जाणाऱ्या पर्यटकापेक्षा आपला प्रवास अधिक जाणता आणि बेटांना कमी त्रासाचा, अशी त्यांची समजूत असते. तिचा पहिला भाग मला पटतो. दुसरा पटत नाही.

ही बेटे वेळ मागतात हे खरेच. ती सगळी ज्वालामुखीतून घडली असली तरी एका वयाची नाहीत. पूर्वेचे फुएर्तेव्हेन्तुरा सुमारे दोन कोटी वर्षांपूर्वी समुद्रावर आले, तर पश्चिम टोकाचे एल हिएरो जेमतेम अकरा-बारा लाख वर्षांचे आहे. म्हणजे फेरीबोटीने पूर्वेकडून पश्चिमेकडे जात राहिले की ज्वालामुखी बेटाचे आयुष्य म्हातारपणाकडून तारुण्याकडे उलगडत जाते. फुएर्तेव्हेन्तुरा झिजून इतके बुटके झाले आहे की व्यापारी वाऱ्यांबरोबर येणारे ढग तिथे फारसे अडतच नाहीत. म्हणून ते उघडेबोडके. ला गोमेरावर सुमारे वीस लाख वर्षांत उद्रेक झालेला नाही. पाण्याला दऱ्या कोरायला आणि अरण्याला रुजायला निवांतपणा मिळाला, म्हणून गाराहोनायचे धुक्यात भिजणारे सदाहरित जंगल तिथे टिकले. टेनेरीफवर ३,७०० मीटरहून उंच तेइदे शिखर ढगांना उत्तरेलाच रोखते. त्यामुळे त्याच बेटाची उत्तर बाजू हिरवी आणि दक्षिण बाजू कोरडी. आठवड्याच्या पाहुण्याच्या वाट्याला बहुधा ही कोरडी दक्षिण तेवढी येते, कारण ऊन तिथे आहे आणि हॉटेलेही तिथेच आहेत. आपला सह्याद्रीही लाव्हाचाच, पण तो साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थंडावला. कातळ तापलेला असताना माणसाने त्याच्याशी जमवून कसे घेतले, हे पाहायला कॅनरीच गाठावे लागते.

लान्झारोतेवर १७३० पासून १७३६ पर्यंत उद्रेक चालू होते. गावे गाडली गेली, चांगली जमीन राखेखाली गेली. पुढे शेतकऱ्यांच्या लक्षात आले की ही काळी रवाळ राख रात्रीचा ओलावा धरून ठेवते आणि दिवसा तो उडू देत नाही. मग त्यांनी राखेतून खालच्या मातीपर्यंत खड्डे खणले, प्रत्येक खड्ड्यात द्राक्षाचा वेल लावला आणि वाऱ्याच्या बाजूने दगडांची अर्धवर्तुळाकार भिंत रचली. ला खेरियाचे ते मळे आज छायाचित्रांत छान दिसतात. पण मुळात ते आपत्तीवर शोधलेले उत्तर आहे. ला पाल्मा बेटावर अशी आपत्ती अजून इतिहासजमा झालेली नाही. तिथला उद्रेक १९ सप्टेंबर २०२१ ला सुरू होऊन ८५ दिवस चालला, बाराशेहून अधिक हेक्टर जमीन लाव्हाखाली गेली, हजारो लोकांना घर सोडावे लागले. उद्रेक संपल्यावरही जमिनीतून येणाऱ्या कार्बन डायऑक्साइडमुळे पुएर्तो नाओस हे किनाऱ्यावरचे गाव दीर्घकाळ बंद राहिले. हे सगळे समजून घ्यायला दोन दिवस पुरत नाहीत. इथवर लांब मुक्कामाचा दावा रास्त आहे.

अडचण पुढे आहे. सुमारे बावीस लाख वस्तीच्या या बेटांवर वर्षाला दीड कोटीहून अधिक पर्यटक येतात. २० एप्रिल २०२४ रोजी हजारो कॅनरीवासी रस्त्यावर उतरले आणि ‘कॅनरीला मर्यादा आहे’ असे त्यांनी बजावले. नवी हॉटेले थांबवा ही त्यांची मागणी होतीच. पण तितकीच जळजळीत तक्रार घरांची होती. स्पेनमधल्या सर्वांत कमी पगारांच्या प्रदेशांत कॅनरीची गणना होते, आणि नेमक्या तिथेच घरभाडी भडकली, कारण रहिवासी सदनिका सुट्टीच्या घरांत बदलत गेल्या. लांब मुक्कामाचे जोडपे नेमके हेच घर शोधते: जुन्या वस्तीतले, स्वयंपाकघर असलेले, शेजारी स्थानिक माणसे असलेले. विमानफेऱ्या त्यांनी वाचवल्या हे मान्य. पण ज्या घरात हॉटेलात काम करणारे एखादे कुटुंब वर्षभर राहिले असते, ते घर त्यांनी तीन महिने अडवले आणि पुढच्या तीन महिन्यांसाठी तसल्याच दुसऱ्या जोडप्याची वाट मोकळी केली. पॅकेजवाला पर्यटक कितीही उथळ असो, तो पर्यटकांसाठी बांधलेल्या खोलीत झोपतो.

म्हणून माझे म्हणणे कुणाला विचित्र वाटेल: महिनोन्‌महिने राहायचे असेल तर गावातले गोड घर सोडा आणि आधीच उभ्या असलेल्या पर्यटनवसाहतीतले, स्वयंपाकाची सोय असलेले हॉटेल-अपार्टमेंट घ्या. यावर हमखास येणारा आक्षेप असा, की मग बेट कळणार कसे? शिवाय हॉटेलांच्या काँक्रीटला लान्झारोतेच्याच सेसार मान्रिके या कलावंताने आयुष्यभर विरोध केला. उंच इमारतींपासून ते बेट बऱ्याच अंशी वाचले, यात त्याचा मोठा वाटा आहे. ते मला मान्यच आहे. पण त्याचा लढा नव्या बांधकामाशी होता. जे बांधून झाले आहे त्यातली रिकामी खोली वापरल्याने किनाऱ्यावर एक वीटही वाढत नाही. आणि बेट कळायला तिथल्या माणसाच्या भिंतीआड राहावे लागते, हे मला पटत नाही. सार्वजनिक बस, शनिवारचा शेतकरी बाजार, ला गोमेराच्या शाळांत शिकवली जाणारी शिट्ट्यांची भाषा, डोंगरातल्या पायवाटा, हे सगळे कुणाचे घर न अडवता मिळते. ला पाल्मावर तर घराचा प्रश्न आणखी नाजूक आहे, कारण तिथे लाव्हाने घर हिरावलेली माणसे तात्पुरत्या लाकडी आणि कंटेनरच्या घरांत राहिली आहेत. त्यांच्याच खोऱ्यात उरलेल्या घरांसाठी पाहुण्याने भाडे चढवावे, हे मला तरी बरे दिसत नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. बेटांच्या उत्पन्नाचा सुमारे तिसरा हिस्सा पर्यटनातून येतो. घर भाड्याने देणारा स्थानिक मालकही कॅनरीवासीच असतो, त्याच्या पोटावर पाय का द्यावा? खरे आहे. आपल्याच राहत्या घराची वरची खोली देणाऱ्या विधवेचा आणि पाचपंचवीस सदनिका विकत घेऊन चालवणाऱ्या कंपनीचा प्रश्न एक नाही. फरक करता येतो: मालक तिथेच राहतो का, घर नोंदणीकृत आहे का, एल हिएरो किंवा ला गोमेरासारख्या बेटावर ते एरवी ओस पडलेले जुने शेतघर होते का. असे असेल तर खुशाल राहावे, कारण त्या पश्चिमेकडच्या खेड्यांतून माणसेच निघून गेली आहेत आणि तिथे दिवा लागणे कुणाच्या मुळावर येत नाही.

मराठी जोडप्यांनाही हा हिशेब आता लागू होतो. पर्यटक व्हिसावर भारतीयाला शेंगेन देशांत १८० दिवसांत ९० दिवसच राहता येते, आणि कॅनरी बेटेही त्याच हिशेबात मोडतात. दूरस्थ काम करणाऱ्यांसाठी स्पेनने २०२३ पासून वेगळा व्हिसा दिला असल्याने ही मर्यादा ओलांडणारेही निघतील. त्यांनी पाण्याचाही विचार करावा. लान्झारोते आणि फुएर्तेव्हेन्तुरा यांच्या नळाला येणारे पाणी जवळजवळ सगळे समुद्राचे खारेपण काढून बनवलेले असते, म्हणजे प्रत्येक बादलीमागे वीज खर्ची पडलेली असते. तेव्हा भाड्याच्या घराची जाहिरात पाहताना खासगी जलतरण तलाव दिसला, तर ते घर सोडून पुढचे पाहावे.