बागेच्या फाटकाशी अडलेला व्यायाम

अर्धांगवायूतून सावरलेले एक निवृत्त शिक्षक गेल्या महिन्यात दवाखान्यात आले. ‘रोज बागेत अर्धा तास फिरा,’ असे मीच त्यांना सांगितले होते. फिरता का, असे विचारले तर म्हणाले, ‘‘डॉक्टर, आधी आत तर जाता आले पाहिजे!’’

संध्याकाळी त्यांच्याबरोबर मीही गेलो. मोटारसायकली शिरू नयेत म्हणून फाटकात लोखंडी नळ्यांचा नागमोडी अडसर बसवलेला. चार पायांची काठी घेतलेला माणूस त्यात अडकतो. चाकाच्या खुर्चीचे तर नावच नको. भटकी कुत्री मात्र खुशाल ये-जा करतात. इतकी वर्षे मी ‘बागेत फिरा’ असे लिहून देतो आहे, पण हे फाटक रुग्णाच्या नजरेने कधी पाहिले नव्हते, हे कबूल करतो.

बाजूला उतार आहे, नाही असे नाही. पण एक फूट चढायला किमान बारा फूट लांबीचा उतार हवा. येथे तो तीन फुटांतच उरकला आहे. फाटकात ९० सेंटिमीटर मोकळी जागा ठेवली तर चाकाची खुर्ची सहज जाते. मोटारसायकलही जाईल, हे खरे. त्यासाठी पहारेकरी ठेवावा.

आत बाकांना हात नाहीत. गुडघे झिजलेल्या आजींना बसता येते, पण उठताना कशाचा आधार घ्यायचा? स्वच्छतागृहाला कुलूप. रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी घेणारे किंवा प्रोस्टेट वाढलेले वृद्ध या एकाच कारणाने घराबाहेर पडत नाहीत. काहीजण तर पाणी पिणेच कमी करतात, आणि मग चक्कर येते म्हणून माझ्याकडे येतात!

दिव्यांगांच्या हक्कांचा कायदा २०१६ सालचा आहे. सार्वजनिक जागा सर्वांना वापरता याव्यात, असे त्यात स्पष्ट आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये दिव्यांग प्रौढांनाही, जमेल त्यांनी, आठवड्याला किमान दीडशे मिनिटे मध्यम व्यायाम करावा असे सांगितले. तो करायचा कुठे?

आम्ही दोघांनी मिळून अर्ज दिला आहे. ‘पुढच्या अंदाजपत्रकात बघू,’ असे उत्तर मिळाले. गुरुजी तूर्त घराच्या ओसरीवर फिरतात. अकरा पावले जायला, अकरा यायला.