पादचाऱ्यांचा रस्ता

पुणे शहराला एके काळी सायकलींचे शहर म्हणत असत. कारकून, प्राध्यापक, विद्यार्थी, दूधवाले या साऱ्यांना हे एकच वाहन पुरत असे. आता तेथे स्वयंचलित दुचाकींचे राज्य आहे. हा पालट पाहून पुष्कळ लोक म्हणतात, "माणसे आळशी झाली, त्यांना श्रम नकोत." हा आरोप मला न्याय्य वाटत नाही.

एखाद्या गजबजलेल्या रस्त्याने पायी जाऊन पाहा. पदपथावर कोठे विजेची पेटी, कोठे दुकानातला माल, तर कोठे उभी केलेली मोटारसायकल आढळते. चालण्यासाठी पदपथ निदान १.८ मीटर मोकळा असावा आणि त्याची उंची १५० मिलिमीटरांहून अधिक नसावी, असे इंडियन रोड्स काँग्रेसचे मार्गदर्शक नियम सांगतात. उंची याहून वाढली, की आजीबाईंना तो चढवत नाही. त्या नाइलाजाने वाहनांच्या गर्दीतून वाट काढतात.

सायकलस्वाराची स्थितीही निराळी नाही. २००६ सालापासून पुण्यात जलद बसमार्गांच्या कडेने सायकलमार्ग बांधण्यात आले. २०१७ साली सबंध शहराचा सायकल आराखडाही मंजूर झाला. परंतु मार्ग सलग नसेल, तर त्याचा उपयोग काय? तो जेथे तुटतो, तेथेच भरधाव वाहने अंगावर येतात.

मग आईवडील धास्तावतात आणि मुलांना वाहनाने शाळेत पोहोचवतात. त्यामुळे शाळेच्या दाराशी वाहनांची दाटी होते आणि पायी येणाऱ्या मुलांचा धोका आणखी वाढतो. भीतीतून गर्दी आणि गर्दीतून पुन्हा भीती, असे हे दुष्टचक्र आहे.

"वाहने वाढली, म्हणून रस्ते रुंद करा," असे कोणी म्हणेल. पण एका मोटारीच्या जागेत कितीतरी सायकली मावतात. शिवाय बसने जाणाराही थांब्यापर्यंत पायीच येतो. ज्याच्यापाशी वाहन नाही, त्याचाही रस्त्यावर तितकाच हक्क आहे.

२०२१ साली ११ डिसेंबर रोजी पुणे महानगरपालिकेने लक्ष्मी रस्ता वाहनांना बंद ठेवून पादचारी दिन साजरा केला. हा उपक्रम स्तुत्य होय. परंतु शाळा काही वर्षातून एकच दिवस भरत नाही. मोकळा पदपथ आणि सलग सायकलमार्ग रोज मिळाले, तर माणसे खरोखर आळशी आहेत की नाहीत, हे आपोआप कळून येईल.