पादचाऱ्याच्या वाटणीचा रस्ता

अहिल्यानगरहून छत्रपती संभाजीनगरकडे जाणाऱ्या महामार्गावर नेवासे तालुक्यातील घोडेगाव लागते. गाव बाजाराचे आहे. जनावरांच्या, विशेषतः म्हशींच्या बाजारामुळे आणि कांद्याच्या लिलावांमुळे त्याचे नाव दूरवर पोचले आहे. येथूनच शनिशिंगणापूरचा फाटा फुटतो. जवळच सोनईला मुळा सहकारी साखर कारखाना आहे. हंगामात उसाच्या बैलगाड्या, बाजाराच्या दिवशी जनावराचे दावे धरून चालणारा शेतकरी, शनी अमावास्येला पायी निघालेला भाविक आणि दप्तर अडकवून सायकल मारणारा विद्यार्थी हे सारे ज्या महामार्गाच्या आश्रयाने वावरतात, त्याच महामार्गावरून मोटारी व मालमोटारी भरधाव जातात. अशी बाजारगावे महाराष्ट्रात शेकड्यांनी आहेत. रस्ता गावासाठी आला आणि रुंद होता होता गावाला परका झाला, ही त्या सर्वांची कहाणी आहे.

रस्ता रुंद करण्याचा प्रस्ताव तयार होतो तेव्हा त्याचा आर्थिक ताळेबंद मांडला जातो. वाहनांची मोजदाद होते, इंधनाची व टायरांच्या झिजेची बचत रुपयांत मांडली जाते, प्रवाशांच्या वाचलेल्या मिनिटांनाही मोल लावले जाते. हे योग्यच आहे. पण डोक्यावर पाटी घेऊन दुभाजकाशी ताटकळणाऱ्या वृद्धेची दहा मिनिटे कोणत्या रकान्यात लिहिली जातात? जी शाळा पूर्वी रस्त्यापलीकडे होती, ती आता चार पदरांपलीकडे आहे आणि म्हणून एखाद्या बापाने मुलीची सायकल बंद केली, तर तो तोटा कोणाच्या खात्यावर पडतो? लाभ वाटेने जाणाऱ्याच्या पदरी आणि भार वाटेवर राहणाऱ्याच्या माथी, अशी ही विभागणी आहे. अर्थशास्त्र त्यास बाह्य परिणाम म्हणते. गावकरी त्यास काय म्हणतात ते छापण्याजोगे नसते.

हा भार केवळ गैरसोयीचा नाही. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्यू पावली आणि त्यांपैकी ३२,८२५ पादचारी होती. महाराष्ट्राचा वाटा पंधरा हजारांहून अधिक मृत्यूंचा होता. मोटारीची धडक ताशी ५० किलोमीटरऐवजी ६५ किलोमीटर वेगाने बसली, तर पादचाऱ्याच्या मृत्यूचा धोका साडेचार पटींनी वाढतो, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. तेव्हा गावातून जाताना वेग किती, हा प्रश्न चालकाच्या मर्जीवर सोडता येणार नाही.

दोष गावकऱ्यांचाच, असेही ऐकू येते. ते दुभाजक फोडतात, कडेला टपऱ्या थाटतात, उलट दिशेने सायकली आणतात. हे सारे खरे आहे. परंतु वळण घेण्याची अधिकृत जागा किलोमीटर-दीड किलोमीटर दूर ठेवायची आणि सायकलस्वाराने तितके अंतर जाऊन परत यावे अशी अपेक्षा करायची, ही मोटारीच्या मापाने काढलेली आखणी झाली. मोटारीला ते दीड मिनिटाचे काम आहे. पायी चालणाऱ्यासाठी उंच पादचारी पूल बांधला की कर्तव्य संपले असे मानणारेही आहेत. पोत्याचे ओझे घेऊन त्या पायऱ्या कोण चढणार? म्हैस तर चढणार नाहीच.

पैसा वा तंत्रज्ञान अपुरे पडते म्हणावे, तर त्याच जिल्ह्यातून समृद्धी महामार्ग गेला आहे. जून २०२५ मध्ये पूर्ण झालेल्या त्या ७०१ किलोमीटरच्या मार्गावर पादचारी व दुचाकी यांना मज्जाव आहे, आणि आसपासच्या वस्त्यांना ये-जा करता यावी म्हणून त्याखालून भुयारी मार्ग ठेवले आहेत. माणसाला दूर ठेवायचे असते तेव्हा त्याचा विचार आराखड्यातच होतो. जेथे माणूस आधीपासूनच आहे, तेथे मात्र तो अपघातानंतर आठवतो.

याचे एक कारण अधिकारांच्या वाटणीत आहे. पुण्यासारख्या महापालिकेला २०१६ साली स्वतःचे पादचारी धोरण करता आले. महामार्गावरील ग्रामपंचायतीला अशी सोय नाही. दिवे, गटारे आणि गाळे तिचे. पण ज्या डांबरावर तिची माणसे दगावतात, त्यावर तिचा शब्द चालत नाही. हे काम राज्यालाच करावे लागेल. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली घातलेले कलम १३८ (१अ) पादचारी व बिनमोटारी वाहने यांच्याविषयी नियम करण्याचा अधिकार राज्यांना देते. कलम २१०ड राष्ट्रीय महामार्गांखेरीज इतर रस्त्यांच्या आखणी व देखभालीचे निकष ठरविण्याचा अधिकार देते. ७ ऑक्टोबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हे नियम सहा महिन्यांत करण्याचा आदेश राज्यांना दिला. कायद्याची भाषा पादचाऱ्याच्या ‘नियमना’ची आहे, हे मात्र खटकते. नियमन व्हायला हवे ते वेगाचे.

महाराष्ट्राने विद्यार्थिनींना एस.टी.चा मोफत पास दिला, हे भूषणास्पद आहे. बिहारने २००६ साली मुलींना सायकली दिल्या. तेथे माध्यमिक शाळेतील मुलींच्या प्रवेशात सुमारे ३२ टक्के वाढ झाल्याचे कार्तिक मुरलीधरन व निशिथ प्रकाश या अर्थशास्त्रज्ञांनी दाखवून दिले आहे. सायकलीवरचा खर्च शिक्षणाला असे फळ देतो. तर ती सायकल चालविण्याजोगी सहा-सात फुटांची पट्टी रस्त्याकडेला राखणे हा खर्च वायफळ कसा ठरतो?

नियमांत निदान एवढे यावे की, गावठाणातून जाणाऱ्या प्रत्येक महामार्गाच्या अंदाजपत्रकात समपातळीवरील उंचावलेला ओलांडमार्ग, दिवे, एस.टी. थांब्यापर्यंतची पायवाट आणि सायकलींची कड या बाबी मूळ कामाचाच भाग असतील, आणि त्या पुऱ्या झाल्याशिवाय ठेकेदाराचे अखेरचे देयक निघणार नाही. ओलांडमार्ग कोठे असावा हे ग्रामसभेला विचारून ठरवावे. बाजाराच्या दिवशी माणसे कोठून ओलांडतात, हे दाखवायला तिला कोणत्याही सल्लागाराची गरज नाही.