फुकटचं जळण

गेवराई तालुक्यात आमचं कापसाचं गाव. पहाटे आई पऱ्हाट्या मोडून बंब पेटवायची. धूर तिच्या डोळ्यांत, ऊन पाणी आमच्या अंगावर. आता सोलर बसवा म्हटलं, की पारावरचे म्हणतात, "जळण तर फुकटच हाय की!" फुकट? तिनं डोक्यावर आणलेले भारे कुणी वहीत मांडले? आंघोळीला ४० अंशांचं पाणी पुरतं. तेवढ्यासाठी रोज जाळ कशाला? बीडच्या उन्हात दिवसा तापलेलं पाणी सोलरच्या टाकीत पहाटेपर्यंत गरम राहतं. बोअरच्या जड पाण्यानं नळ्यांत क्षार धरतो, खरंय. मग वर्षातून एकदा तो काढा. मोटारसायकलीला कर्ज काढताना न केलेला हिशेब बाईच्या डोळ्यांपाशीच का आठवतो?