दारूच्या दुकानाचा पत्ता आणि सभेचा पत्ता

आमच्या शहरांत दारूचें दुकान कोठें आहे असें परगांवच्या मनुष्यानें विचारलें, तर कोपऱ्यावरील पानवालाहि त्यास बोट दाखवून सांगेल. परंतु दारू सोडूं इच्छिणारे लोक दर आठवड्यास एकत्र बसतात ती जागा कोणती, असा प्रश्न निघाला कीं वकील, डॉक्टर, सावकार असे शहाणे लोक एकमेकांच्या तोंडाकडे पाहूं लागतात. गेल्या महिन्यांत हा प्रश्न आम्हांसच विचारण्यांत आला. ज्यांच्या पेढीचे कागद आम्ही पुष्कळ वर्षें पाहत आलों आहों, असे एक धान्याचे व्यापारी रात्रीं नऊच्या सुमारास घरीं आले, दार लोटून घेतलें व म्हणाले, "वकीलसाहेब, मला सोडायची आहे. ते लोक कुठं जमतात, एवढं सांगा." आम्हांस सांगतां आलें नाहीं. पत्ता मिळण्यास पांच दिवस लागले, आणि त्यांतले चार दिवस ते पुन्हां पीत होते. सभा भरत होती ती त्यांच्या दुकानापासून दोन गल्ल्या पलीकडे, शाळेच्या एका खोलींत!

ज्या मंडळाची ही सभा, त्या अल्कोहोलिक्स अॅनॉनिमसचा जन्मच मुळीं अशा शोधांतून झाला आहे. बिल विल्सन हे न्यूयॉर्कच्या शेअरबाजारांतले गृहस्थ. त्यांनीं दारू सोडून थोडेच महिने झाले होते. १९३५ च्या मे महिन्यांत ते अमेरिकेंतीलच अॅक्रन शहरीं एका व्यवहारासाठीं गेले असतां तो व्यवहार फिसकटला. हॉटेलांत एका बाजूस मद्यगृह आणि दुसऱ्या बाजूस टेलिफोन. विल्सन टेलिफोनकडे वळले. त्यांस उपदेशक नको होता, आपल्यासारखाच दारूनें पछाडलेला दुसरा मनुष्य हवा होता. पाद्र्यांच्या यादीवरून फोन करतां करतां त्यांस डॉ. बॉब स्मिथ या शस्त्रवैद्याचा थांग लागला. स्मिथ पंधराच मिनिटें द्यावयास कबूल झाले होते. बोलणें कित्येक तास चाललें. स्मिथ यांनीं शेवटचा प्याला घेतला तो १० जून १९३५ हा दिवस मंडळाचा जन्मदिवस मानतात. भारतांत ही चळवळ १९५७ सालीं सुरू झाली.

सभेंत प्रवेशास फी नाहीं. पिणें थांबविण्याची इच्छा एवढीच काय ती अट. व्याख्यान कोणी देत नाहीं. एक जण आपली हकीकत सांगतो, बाकीचे ऐकतात. कांहीं सभा सर्वांस खुल्या असतात, कांहीं केवळ पिणाऱ्यांसाठीं; घरच्या माणसांसाठीं १९५१ पासून अल-अॅनॉन हें निराळें मंडळ आहे. आमच्या दानशूर व्यापाऱ्यांस चमत्कारिक वाटेल अशी गोष्ट ही कीं, हे लोक बाहेरची देणगी घेत नाहींत. खोलीचें भाडेंदेखील आपसांत वर्गणी काढून देतात. तेव्हां संगमरवरी पाटीवर नांव कोरून घेण्याची येथें सोय नाहीं!

कोणी म्हणतील, ज्याचा निश्चय खरा त्यास सभा कशाला? कोर्टांत आम्हीं असे निश्चय पुष्कळ पाहिले आहेत. मुलाच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेणारा बाप दुसऱ्या तारखेस त्याच वासानें साक्षीच्या पिंजऱ्यांत उभा राहतो. त्याची शपथ खोटी नसते. तो एकटा असतो, एवढेंच. गळ्यांत माळ घालणारा वारकरीसुद्धां एकटा पंढरीस जात नाहीं, दिंडींत चालतो. मात्र एक गोष्ट येथें स्पष्ट सांगितली पाहिजे. वर्षानुवर्षें रोज पिणाऱ्यानें एकाएकीं दारू बंद केल्यास झटके किंवा वात होऊन प्राणावर बेतूं शकतें. अशानें प्रथम डॉक्टरांस दाखवावें. पुण्याचें मुक्तांगण, जें अनिता व अनिल अवचट या दांपत्यानें १९८६ सालीं उभें केलें, तें अशाच उपचारांसाठीं आहे. आणि १४४४६ या सरकारी क्रमांकावर फोन केल्यास विनाखर्च सल्ला मिळतो.

आतां नगरवासीयांकडे वळूं. ॲनॉनिमस म्हणजे निनांवी; पण गुप्त राखावयाचें तें सभासदाचें नांव, सभेचें ठिकाण नव्हे. १९४९ च्या दारूबंदी कायद्याप्रमाणें या राज्यांत दारू पिण्यास परवाना लागतो. किती जण तो घेतात हें आबकारी खात्यासच विचारावें. पिण्याची वाट इतकी सोपी आणि सोडण्याची वाट पांच दिवसांची, हा उलटा हिशेब शहरास शोभत नाहीं. दवाखान्याच्या फलकावर, औषधाच्या दुकानांत, नगरपालिकेच्या व पोलीस ठाण्याच्या दारीं सभेची जागा, वार व वेळ लिहिलेली असावी. ज्यांच्या शाळेंत अगर धर्मशाळेंत रिकामी खोली आहे, त्यांनीं भाडें घ्यावें, पण आंत कोण येतें हें पाहूं नये. दारांत उभें राहून मोजदाद करणारा एक शेजारी दहा जणांस परत पाठवितो.

आमच्यापुरतें आम्हीं ठरविलें आहे. शहरांतील व तालुक्यांतील जे गट आपली जागा व वेळ कळवितील, ती दर सोमवारीं बाजारभावांच्या शेजारीं छापण्यांत येईल. कळविणाऱ्यानें आपलें नांव लिहिण्याचें कारण नाहीं. जागा बदलल्यास शनिवारच्या आंत कळवावें.